फायलेरियाचा रिपोर्ट हातात आलाय? जुन्या इन्फेक्शनमध्ये अँटीबॉडी कशा बदलतात ते आधी बघा

माझ्या आत्याचा उजवा पाय गेली वीसेक वर्षं सुजलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, तिथे असा पाय दोन-चार घरं सोडून दिसतोच. मागे गावात हत्तीरोगाच्या, म्हणजेच फायलेरियाच्या, सर्वेची टीम आली, घरातल्या सगळ्यांच्या बोटातून रक्त घेऊन पट्टीवर टेस्ट केली, आणि निकाल काय, तर आत्या निगेटिव्ह आणि तिचा धडधाकट, दिवसभर शेतात राबणारा २९ वर्षांचा मुलगा पॉझिटिव्ह. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, पट्ट्यांची अदलाबदल झाली. मुलाने गोळ्या घेतल्याच नाहीत, आणि आत्याला "हा हत्तीपाय नाहीच" म्हणून लेप लावणाऱ्या एकाकडे नेलं, तिथे तीन महिने गेले आणि बोटांच्या बेचक्यात जखम झाली ती वेगळीच.

अदलाबदल झालेली नव्हती. दोन्ही निकाल बरोबर होते. मी स्वतः सेरॉलॉजीच्या, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी तपासायच्या, बेंचवर काम करते, तरी घरच्यांना हे समजावताना माझी पुरेवाट झाली, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय. परजीवी शरीरात शिरतो तेव्हाच्या अँटीबॉडी वेगळ्या, आणि तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो तेव्हाच्या वेगळ्या, हे एकदा डोक्यात बसलं की रिपोर्ट वाचता येतो. नाहीतर पॉझिटिव्ह म्हणजे आजार आणि निगेटिव्ह म्हणजे सुटलो, एवढंच आपण धरून चालतो, आणि जुन्या इन्फेक्शनमध्ये नेमकं तिथेच चुकतं.

पायरी १: टेस्ट कशाची आहे ते आधी वाचा

रिपोर्टवर नुसतं "फायलेरिया पॉझिटिव्ह" लिहिलेलं असेल तर लॅबला फोन करून विचारा की नक्की काय शोधलं. तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे रक्तात जिवंत मायक्रोफायलेरिया, म्हणजे कृमीची सूक्ष्म पिल्लं, ती काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात. आपल्याकडच्या वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, साधारण १० ते २ च्या दरम्यान सगळ्यात जास्त, म्हणून तर रात्र चिकित्सालय, म्हणजे रात्री रक्त घ्यायचं केंद्र, हा प्रकार आहे. दुपारी रक्त देऊन "काही सापडलं नाही" असा रिपोर्ट आला असेल तर त्याला अर्थ नाही, रात्री परत द्या.

दुसरी अँटीजन टेस्ट. यात लसिकावाहिन्यांमध्ये (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये) राहणाऱ्या प्रौढ कृमीने रक्तात सोडलेला त्याचा स्वतःचा माल पकडतात, ही दिवसाही चालते. सर्वेत वापरतात ती एफटीएस (फायलेरियासिस टेस्ट स्ट्रिप) पट्टी हीच. ती बरोबर १० मिनिटांनी वाचायची असते, टीमच्या गडबडीत कुणी पाऊण तासाने वाचली तर खोटी रेघ दिसू शकते, त्यामुळे "किती वेळाने वाचली" हे विचारायला लाजू नका.

तिसरी अँटीबॉडी टेस्ट, म्हणजे कृमीचं काही नाही, तुमच्या शरीराने त्याला दिलेलं उत्तर. अँटीजन सांगतो की कृमी आहे, अँटीबॉडी सांगते की कृमीशी ओळख झालीय. ती ओळख आजची की दहा वर्षांपूर्वीची, हे नुसत्या "पॉझिटिव्ह" या शब्दातून कधीच कळत नाही, त्यासाठी पुढच्या पायऱ्या.

पायरी २: घड्याळ लावा

एक डास चावला आणि फायलेरिया झाला असं सहसा होत नाही, संसर्ग असलेले क्युलेक्स डास महिनोन्महिने चावत राहतात तेव्हा कुठे कृमी जम बसवतात. डासाने त्वचेवर सोडलेली अळी चाव्याच्या जखमेतून आत जाते, लसिकावाहिनीत पोचते, आणि तिथे प्रौढ व्हायला तिला साधारण ६ ते १२ महिने लागतात. प्रौढ कृमी पुढे ५-६ वर्षं सहज जगतो, जास्तही जगतो, आणि मादी त्या काळात लाखो पिल्लं सोडते.

आयजीएम, आयजीजी, आयजीई ही अँटीबॉडीच्या प्रकारांची नावं. शरीर आधी आयजीएम काढतं, मग आयजीजी, त्यातही सुरुवातीला आयजीजी-१ चा जोर असतो, सोबत आयजीई आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. या टप्प्यावर अँटीजन टेस्ट बहुतेक वेळा निगेटिव्हच, कारण प्रौढ कृमीच अजून तयार नाही. म्हणून फायलेरियाच्या भागातल्या लहान मुलांमध्ये अँटीबॉडी आधी दिसते आणि अँटीजन मागाहून. डब्ल्यूबी१२३ नावाची अँटीबॉडी टेस्ट आहे, ती अळीच्या अवस्थेतल्या प्रोटीनविरुद्धची अँटीबॉडी पकडते, म्हणून डासांकडून संसर्ग अजून सुरू आहे का हे बघायला ती उपयोगी पडते.

गावोगावी गोळ्या वाटायची मोहीम थांबवायची की नाही ठरवताना सरकार ६-७ वर्षांच्या मुलांचीच तपासणी का करतं, हे यातून लक्षात येईल. चाळिशीतल्या माणसाची अँटीबॉडी म्हणजे जुनी वही, त्यात काय काय लिहिलेलं असेल सांगता येत नाही. सहा वर्षांच्या पोराची वही कोरी असते, त्यात काही उमटलं असेल तर ते अलीकडचंच.

तर पहिलं काम हे करा. एका कागदावर लिहा की फायलेरियाच्या भागात किती वर्षं राहिलात, बाहेर कधी गेलात, गोळ्या कोणत्या वर्षी घेतल्या, आणि रक्त कोणत्या तारखेला दिलं. हा कागद नसेल तर अँटीबॉडीचा आकडा वाचताच येत नाही.

पायरी ३: आयजीजी-४ वेगळा समजून घ्या, सगळी गंमत इथे आहे

आयजीजीचे चार उपप्रकार असतात. सर्वसाधारण माणसाच्या रक्तातल्या एकूण आयजीजीपैकी आयजीजी-४ जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चौघांत सगळ्यात कमी. पण ज्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया वर्षानुवर्षं फिरतायत त्याच्या फक्त फायलेरियाविरुद्धच्या अँटीबॉडी बाजूला काढून मोजल्या तर त्यातला निम्म्याहून जास्त वाटा आयजीजी-४ चा निघतो. १९८५ मध्ये एरिक ऑटेसेन आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं आणि जुन्या फायलेरियाकडे बघायची पद्धतच बदलली.

असं का होतं? कुठलीही परकी गोष्ट सतत, रोज, महिनोन्महिने शरीराला भेटत राहिली की शरीर हळूहळू तिच्याशी जमवून घेतं. मधमाश्या पाळणाऱ्यांचंही तेच, वर्षानुवर्षं डंख खाल्ल्यावर त्यांच्या रक्तात विषाविरुद्ध आयजीजी-४ भरपूर सापडतो आणि डंखाची सूज पूर्वीसारखी येत नाही. कृमीच्या बाबतीत तर कृमी स्वतःच त्याला हातभार लावतो, त्याच्या स्रावांमुळे आयएल-१० सारखे शांत करणारे सिग्नल वाढतात, आणि त्या वातावरणात अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी आयजीई बनवायचं सोडून आयजीजी-४ कडे वळतात.

आणि आयजीजी-४ ही अँटीबॉडी स्वभावानेच मवाळ. बाकीच्या आयजीजीचे दोन्ही हात एकच गोष्ट धरतात, त्यामुळे त्या दोन कण एकमेकांना जोडू शकतात, जाळं विणू शकतात, मग कॉम्प्लिमेंट (रक्तातली हल्ला करणारी प्रोटीनं) येतं, पेशी येतात, दाह होतो. आयजीजी-४ मात्र रक्तात फिरता फिरता मधोमध सुटतो आणि आपला अर्धा भाग दुसऱ्या आयजीजी-४ च्या अर्ध्या भागाशी बदलतो, २००७ मध्ये हे नीट सिद्ध झालं. मग त्याचा एक हात फायलेरियाचा आणि दुसरा भलत्याच कशाचातरी, म्हणजे जाळं विणायची सोयच गेली. कॉम्प्लिमेंटलाही तो बोलावत नाही. वर आयजीई ज्या जागी चिकटली असती ती जागा हा आधीच अडवून बसतो, त्यामुळे अ‍ॅलर्जीसारखा भडकाही उडत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आयजीजी-४ खूप वाढलेला असणं ही प्रतिकारशक्ती जोरात असल्याची खूण नाही. कृमी आत आहे, बहुतेक बराच काळ आहे, आणि शरीराने त्याच्याशी तह केलाय, असं त्याचं वाचन करायचं. माझ्या आतेभावाला हे पटायला सगळ्यात जड गेलं. त्याला ताप नाही, सूज नाही, दुखत नाही, आणि तरी त्याच्याच रक्तातून डास गावभर पिल्लं नेत होते.

पायरी ४: आता माणसाकडे बघा, तो कोणत्या टोकाला आहे

जुन्या फायलेरियात सगळ्यांच्या अँटीबॉडी एकाच दिशेने जात नाहीत.

एका टोकाला माझा आतेभाऊ. लक्षणं काही नाहीत, रात्रीच्या रक्तात मायक्रोफायलेरिया, अँटीजन पॉझिटिव्ह, आयजीजी-४ भरपूर, आणि आयजीई त्या मानाने दबलेली. फायलेरियाच्या भागात जन्मलेल्या, त्यातही ज्यांच्या आईला गरोदरपणात संसर्ग होता अशा मुलांमध्ये हा मवाळपणा जास्त दिसतो, जणू पोटात असतानाच ओळख झालेली असते. उलट बाहेरून पहिल्यांदाच अशा भागात आलेल्यांचं बघा. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवर उतरलेल्या हजारो अमेरिकन सैनिकांना काही महिन्यांतच हातापायांना, अंडकोषाला सूज आणि गाठी आल्या, पण रक्तात मायक्रोफायलेरिया जवळपास कुणाच्याच सापडले नाहीत. त्यांच्या शरीराने तह केलाच नव्हता.

दुसऱ्या टोकाला आत्या. पाय सुजलेला, पण रक्तात पिल्लं नाहीत, अँटीजनही सहसा निगेटिव्ह, कारण ज्या कृमींनी वाहिन्या बिघडवल्या ते मरून गेलेत किंवा शरीराने मारलेत, बिघडलेल्या वाहिन्या मात्र तशाच राहिल्या. अशांच्या अँटीबॉडी मोजल्या तर आयजीजी-४ कमी आणि आयजीजी-१, २, ३ आणि आयजीई त्या मानाने चढलेल्या दिसतात. म्हणून सुजलेल्या पायाच्या माणसाची पट्टी निगेटिव्ह आली तर "हत्तीपाय नाही" असं म्हणू नका. बरं, अशा पायाला वारंवार ताप येऊन लाल सूज येते ती बहुतेक वेळा बेचक्यातल्या भेगांमधून शिरलेल्या बॅक्टेरियांमुळे, त्यामुळे तिथे कामाचं काय तर रोज साबण-पाण्याने पाय धुणं, बोटांच्या मधली जागा कोरडी करणं, पाय उंच ठेवणं आणि जखमेवर लगेच मलम. आत्याला लेपाऐवजी पहिल्या दिवसापासून हे मिळायला हवं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि एक तिसरा प्रकार, जो बऱ्याचदा दमा किंवा टीबी समजून वर्षभर चुकीची औषधं खातो. रात्री कोरडा खोकला, छातीत घरघर, वजन उतरतं, इओसिनोफिल ३००० च्या वर आणि आयजीई प्रचंड वाढलेली, पण रक्तात मायक्रोफायलेरिया नाहीत. याला ट्रॉपिकल पल्मोनरी इओसिनोफिलिया म्हणतात, १९४३ मध्ये वाइनगार्टेन यांनी भारतातल्याच पेशंटवरून याचं वर्णन केलं. इथे शरीर फुप्फुसात पिल्लांवर इतकं तुटून पडतं की ती रक्तात टिकतच नाहीत. डीईसी या फायलेरियावरच्या औषधाचा साधारण तीन आठवड्यांचा कोर्स दिल्यावर बहुतेकांचा खोकला झपाट्याने कमी होतो. तेव्हा विदर्भात राहणाऱ्या माणसाचा "दमा" पंपाने बसत नसेल तर सीबीसीमधला (रक्तपेशींच्या साध्या तपासणीतला) इओसिनोफिलचा आकडा एकदा डॉक्टरांना दाखवाच, प्लीज.

पायरी ५: भलताच कृमी तर बोलत नाहीये ना?

सगळ्या गोल कृमींच्या अंगावर काही रेणू सारखे असतात, त्यात फॉस्फोरिलकोलीन नावाचा एक फार त्रास देतो. कृमी दळून केलेल्या कच्च्या अँटीजनवर जी आयजीजी टेस्ट होते ती त्यामुळे दुसऱ्याच कृमीला पॉझिटिव्ह येऊ शकते. आयजीजी-४ फॉस्फोरिलकोलीनला सहसा ओळखत नाही, म्हणून आयजीजी-४ वर आधारलेली टेस्ट जास्त नेमकी असते. लॅबला विचारा: एकूण आयजीजी मोजलं की आयजीजी-४, आणि अँटीजन कच्चा होता की बीएम१४ सारखा एकच रिकॉम्बिनंट, म्हणजे लॅबमध्ये बनवलेला, प्रोटीन? हे दोन प्रश्न विचारले की समोरचा टेक्निशियनही सावरून बसतो.

सगळ्यात जपायचं ते स्ट्राँगिलॉइडिसला. हा आतड्यातला कृमी शरीराच्या आतच स्वतःचा संसर्ग परत परत करत दशकानुदशकं राहू शकतो, लक्षणं नाममात्र, आणि स्टेरॉइड सुरू केले की अचानक अंगभर पसरून जिवावर बेततो. फायलेरियाची अँटीबॉडी पॉझिटिव्ह पण अँटीजन आणि रात्रीची स्लाइड दोन्ही निगेटिव्ह, इओसिनोफिल चढलेले, आणि डॉक्टर स्टेरॉइड देणार असतील, तर आधी स्ट्राँगिलॉइडिसची तपासणी होऊ दे.

कामानिमित्त कॅमेरून, काँगो या बाजूला राहून आलेल्यांसाठी अजून एक. तिथे लोआ लोआ नावाचा दुसरा फायलेरिया आहे, तो रक्तात भरपूर असेल तर आपली एफटीएस पट्टीही फसू शकते, आणि अशा माणसाला डीईसी दिलं तर मेंदूपर्यंत गंभीर परिणाम होऊ शकतात. राहिलेल्या देशाचं नाव डॉक्टरांना सांगायचं विसरू नका.

पायरी ६: गोळ्या घेतल्या, आता काय खाली यायला हवं आणि कधी

इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात, कारण गोळ्या घेऊन दोन महिन्यांनी परत टेस्ट केली आणि अजून पॉझिटिव्ह. सगळ्या गोष्टी एकाच वेगाने उतरत नाहीत. रक्तातली पिल्लं सगळ्यात आधी कमी होतात, काही दिवसांत. त्या वेळी एखाद-दुसरा दिवस ताप, अंगदुखी येते ती पिल्लं मरतायत म्हणून, बहुतेकांना औषध बाधल्यामुळे नाही. अँटीजन मात्र प्रौढ कृमीचा असतो, तो वर्षभर किंवा त्याहून जास्तही रेंगाळतो. आयजीजी-४ कृमी मेल्यावर हळूहळू उतरतो, महिन्यांत नव्हे तर वर्षांत मोजायचं. आणि एकूण आयजीजी सगळ्यात शेवटी, कधी कधी उतरतच नाही.

म्हणून उपचार लागू पडला का हे बघायला अँटीबॉडी टेस्ट महिन्या-दोन महिन्यांनी परत करू नका, पैसे फुकट जातात आणि झोप उडते. रात्रीची स्लाइड परत करा. अँटीबॉडी बघायचीच असेल तर वर्षाच्या अंतराने, त्याच लॅबमध्ये, त्याच किटवर करा, कारण एका किटचा ४० आणि दुसऱ्या किटचा ४० यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. आकडा अर्ध्यावर आला तर चांगलं, आणि उतरलेला आकडा परत चढायला लागला तर नवा संसर्ग झालाय का बघायचं.

नागपूर जिल्ह्यात २०१९ च्या सुरुवातीला आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल अशा तीन औषधांची मोहीम सुरू झाली, देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत आपला नंबर होता. तीन औषधं एकत्र घेतल्यावर पिल्लं जास्त काळ परत येत नाहीत, त्यामुळे गोळ्या समोर घेणं, खिशात न ठेवणं, हे लक्षणं नसलेल्यांनीच सगळ्यात आधी करायला हवं. गरोदर बाई, दोन वर्षांच्या आतलं मूल आणि गंभीर आजारी माणूस यांना मात्र या मोहिमेत औषध देत नाहीत.

पायरी ७: हेच गणित दुसऱ्या परजीवीला लावू नका

टोक्सोप्लाझ्मा या दुसऱ्या परजीवीचं उदाहरण घेते कारण गरोदरपणात टॉर्च टेस्टचा (बाळाला घातक ठरू शकणाऱ्या संसर्गांच्या तपासणीचा) कागद हातात आल्यावर रडणाऱ्या मुली मी बघितल्यात. तिथे आयजीजी-४ वगैरे बघत नाहीत. आयजीजी एकदा आली की आयुष्यभर राहते. आयजीएम आधी येते खरी, पण काहींमध्ये ती महिनोन्महिने, वर्षाच्या वरही रेंगाळते, म्हणून नुसत्या आयजीएमवरून "आत्ता झालंय" असं ठरवायचं नाही, अ‍ॅव्हिडिटी टेस्ट मागायची. जसजसे दिवस जातात तसतशी आयजीजीची पकड घट्ट होत जाते, ती पकड ही टेस्ट मोजते. पहिल्या तीन महिन्यांत अ‍ॅव्हिडिटी हाय आली तर संसर्ग गरोदरपणाच्या आधीचा आहे असं समजायला चांगला आधार मिळतो. लो आली तर मात्र अलीकडचाच आहे असं सिद्ध होत नाही, काहींची पकड खूप उशिरा घट्ट होते.

काळ्या आजारात, म्हणजे बिहारच्या बाजूच्या काला-आजारात, आरके३९ ही अँटीबॉडीची पट्टी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे आजार उलटलाय का हे तिच्यावरून कळत नाही. आणि आफ्रिकेतल्या स्लीपिंग सिकनेसचं तर सगळंच उलटं, तो परजीवी अंगावरचा झगा सारखा बदलतो, शरीराला प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करावी लागते, म्हणून आजार जुना झाला तरी आयजीएम चढलेलीच.

डॉक्टरांकडे जाताना फाइलमध्ये एवढं ठेवा: पायरी २ मधला तारखांचा कागद, सीबीसीचा रिपोर्ट इओसिनोफिलच्या आकड्यासकट, टेस्टचं आणि किटचं नाव, रात्रीच्या स्लाइडवर रक्त घेतल्याची वेळ, आणि आधीचे सगळे रिपोर्ट, निगेटिव्ह आलेलेसुद्धा. आतेभावाच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी स्वतः लिहून दिलंय: डीईसी १२ दिवस पूर्ण, रात्रीची स्लाइड सहा महिन्यांनी, रात्री १० नंतर. आत्याच्या पानावर टेस्टचं काहीच नाही, फक्त टब, साबण, टॉवेल, मलम, आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.